रानातलं फूल अमूर्त चित्रात आणताना काय सोडायचं, काय धरून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी चार वर्षं ॲक्रिलिकमध्ये काम करते. दर पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात जाऊन रानफुलांचे फोटो काढते आणि घरी येऊन त्यांवरून अमूर्त चित्रं करायचा प्रयत्न करते. चित्र एकतर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखं होतं, नाहीतर नुसते रंगाचे डाग उरतात. मधलं काही हाती लागत नाही. जांभळा रंग तर दर वेळी भडक होतो. चित्राच्या नावात फुलाचं नाव द्यावं का, हेही सांगा."

आधी एक सांगते, ते 'मधलं' शोधणं थांबवा. हुबेहूब फूल आणि रंगाचा डाग यांच्या अधेमधे कुठे अमूर्त चित्र बसलेलं नसतं. तिथे सापडतं ते अर्धवट पुसलेलं फूल. दोन पाकळ्या ओळखू येतात, बाकीच्यांवरून सुरी फिरवलेली असते, आणि बघणारा ते फूल मनातल्या मनात पुरं करत बसतो. म्हणजे चित्र बघायचं सोडून तो कोडं सोडवतो. मी २८ वर्षं हे काम करते आहे आणि त्यातली पहिली दहाएक वर्षं अशी पुसलेली फुलंच रंगवली, म्हणून तुमची अडचण मला नीट कळते.

तुमच्या प्रश्नात मला खटकला तो फोटो. आंबोलीत जुलैच्या दुपारी झाडोऱ्याखाली उभं राहा. वरचं पान सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग बराचसा पिऊन टाकतं आणि हिरवा खाली सोडतं. त्यामुळे जमिनीवर पोचणारा उजेड स्वतःच हिरवट असतो. त्या उजेडात पांढरं फूल पांढरं दिसत नाही, त्याला पाण्यात भिजलेल्या तांदळासारखी हिरवट छटा येते. जांभळ्या फुलावर पडायला निळा आणि तांबडा उजेड कमी, म्हणून ते राखाडीकडे झुकतं. तुमचा फोन या हिरवटपणाला दोष समजतो आणि आपोआप दुरुस्त करतो, पांढऱ्याला पांढरं करतो, जांभळ्याला उजळ करतो. शिवाय फुलावर फोकस धरून मागचं रान धूसर करून टाकतो. म्हणजे तुम्ही घरी आणता ते रान काढून टाकलेलं फूल. त्यावरून चित्र करायला बसलात की हातात एकच गोष्ट उरते, फुलाचा आकार. मग तो आकार एकतर काढायचा किंवा मोडायचा, तिसरं काही करता येत नाही. तुमची दोन्ही प्रकारची चित्रं त्या एकाच फोटोतून आली आहेत.

माझ्या मते रानफुलाच्या चित्रात धरून ठेवायची गोष्ट आहे प्रमाण. फूल ४ इंचांचं आहे आणि तुम्ही १२ फुटांवर बसला आहात असं धरा. समोर आरामात नजरेत मावणारी रुंदी साधारण १० फूट. म्हणजे फुलानं त्या रुंदीचा तिसावा भाग व्यापला आहे. ४ फूट रुंद कॅनव्हासवर हे फूल साधारण दीड इंचाचं होतं. तरीही तिथे बसलेलं असताना तुमचं सगळं लक्ष त्या दीड इंचाकडे असतं. उरलेल्या साडेशेहेचाळीस इंचांतल्या हिरव्यात, काळ्यात, ओल्या तपकिरीत असं काय आहे, की ज्यामुळे तो दीड इंच इतका जोरात बोलतो? तुम्हाला रंगवायचं आहे ते हे. बागेतल्या फुलाला हा प्रश्नच पडत नाही, कारण बागेत फूल समोर यावं अशीच मांडणी केलेली असते. कासच्या पठारालाही पडत नाही. तिथे उघड्या आभाळाखाली लाखो फुलं एकत्र येतात आणि उजेड चहूबाजूंनी असतो. कासची चित्रं करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, पण ते पठार आहे, जंगल नाही. तिथला अनुभव आंबोलीच्या चित्रात आणलात की रान लगेच सतरंजी होतं.

म्हणून पुढच्या वेळी फोन पिशवीतच राहू द्या आणि पोस्टकार्डाएवढी वही न्या. फूल दिसलं की पंधरा पावलं मागे या आणि फूल सोडून बाकी सगळं काढा. काळोख कुठे दाट आहे, कवडसा कुठून उतरतो, खोडांच्या उभ्या रेषा किती अंतरावर आहेत, पाचोळा कुठे संपतो. फुलाच्या जागी कागद कोरा सोडा. रंग वहीत रंगानं नोंदवू नका, शब्दांत लिहा. 'ओल्या गोणपाटाचा तपकिरी', 'शेवाळात थोडं ताक', 'कुडत्याचा विटलेला निळा' असं काहीही, पण तुमच्या घरातल्या, ओळखीच्या वस्तूंमधून. रंगपेटीतली नावं लिहिलीत तर स्टुडिओत हात आपोआप त्याच ट्यूबकडे जातो. शब्दांतली नोंद तुम्हाला मिश्रण करायला भाग पाडते. एका जागी निदान चाळीस मिनिटं बसा. कवडसा तेवढ्यात सरकतो, आणि त्याचं सरकणं हाच चित्राचा विषय आहे असं पुष्कळदा लक्षात येतं.

आता सोडण्याबद्दल. इथे एका परदेशी चित्रकर्तीचं काम सांगते, कारण ते थेट आपल्या रानाशी जोडलेलं आहे. जॉर्जिया ओ'कीफ म्हटलं की कॅनव्हासभर पसरलेलं एकच फूल आठवतं. १९२४ पासून तिनं अशी मोठी फुलं रंगवली, आणि त्यांची नक्कल इतकी झाली की आपल्याकडेही दर चौथ्या प्रदर्शनात एक प्रचंड जास्वंद असते. मी सांगते आहे ती १९३० मधली मालिका वेगळी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या मुक्कामात तिनं तिथल्या रानात उगवणाऱ्या 'जॅक-इन-द-पल्पिट' या फुलाची सहा चित्रं केली. हे फूल म्हणजे आपल्या सापकांद्याचं सख्खं भावंड, दोन्ही एकाच कुळातली आणि प्रजातही एकच, ॲरिसिमा. जूनच्या पहिल्या पावसात महाबळेश्वर-आंबोलीकडे जमिनीतून नागाच्या फडीसारखा जो येतो तोच सापकांदा. वर झुकलेली फडी आणि तिच्या आत उभा दांडा. सहापैकी पाच चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. ती क्रमानं पाहा. सुरुवातीला पट्टेदार फडी आहे, पानं आहेत, फूल ओळखू येतं. पुढे पानं जातात. मग फडीही फूल म्हणून उरत नाही, तिच्या आतला काळोख तेवढा येतो. सहाव्या चित्रात फक्त तो दांडा, गडद, आणि त्याच्या कडेनं उजेडाची एक रेघ.

मला या मालिकेत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिनं फूल पुसलेलं नाही. दर चित्रात एक गोष्ट पूर्णपणे काढून टाकली आहे आणि उरलेल्या गोष्टीला तिची जागा दिली आहे. दांडा राहिला तर तो पूर्ण राहिला, अर्धा नाही. तुमच्या चित्रात फुलाच्या सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या कमी होतात, म्हणून ती पुसट दिसतात. सहा कागद घ्या, सापकांदाच घ्या, आणि प्रत्येक कागदावर एक गोष्ट सोडा. आधी पान, मग रंग, मग बाह्यरेषा, मग फडी. शेवटी जे सोडवत नाही ते तुमचं. माझ्या बाबतीत दांडा नव्हता, फडीची मान होती. ती वळते त्या जागी माझा हात दर वेळी थांबायचा. त्या एका वळणावर मी पुढे दोन वर्षं काम केलं.

याच रीतीनं कळलावी घेतलीत तर वेगळंच काही उरेल. तिच्या पाकळ्या मागे उलटलेल्या, कडा नागमोडी, आणि फूल जुनं होत जातं तसा पिवळ्याचा तांबडा होतो. तिथे आकारापेक्षा रंगाचा प्रवास महत्त्वाचा. एका वेलीवर तीन दिवसांची तीन फुलं एकाच वेळी असतात, म्हणजे काळ तिथे शेजारी शेजारी मांडलेला असतो. चित्रकाराला यापेक्षा जास्त काय हवं! (वेलीला हात लावू नका, कंद विषारी असतो. आणि कुठलंही रानफूल स्टुडिओत तोडून आणू नका. काही कंदीलपुष्पांची तर मोजकीच रोपं उरली आहेत. त्यांची जागाही कुणाला सांगत जाऊ नका.)

जांभळ्यासाठी मी कारवीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यांत मोठी चूक तिथेच झाली. २००८ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. ती सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. मी वेड्यासारखी दर रविवारी गेले. शेकडो फोटो काढले, अकरा कॅनव्हास केले, सगळे जांभळे. ते एका दालनात लागले तेव्हा एक आजी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "कुठली गं बाग ही?" त्यांना चित्रं आवडली होती. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. डोंगरउतारावर आठ वर्षं थांबलेली कारवी मी बागेत नेऊन लावली होती.

२०१६ च्या बहराला फक्त वही घेऊन गेले, तेव्हा कळलं की कारवी आपण समोरून बघतच नाही. ती माणसाच्या डोक्यापेक्षा उंच वाढते. पायवाटेनं शिरलं की आपण तिच्या आत असतो. समोर दिसतात त्या काठ्या, शेकडो उभ्या काठ्या, रुंद खरबरीत पानं, आणि त्यांच्या फटींत, बहुतेक नजरेच्या वर, अडकलेला निळसर जांभळा. चित्राचा कणा उभ्या रेषा आहेत, जांभळा त्यांच्यामधून सांडतो. मग आठवलं, की कोकणात लहानपणी पाहिलेल्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या असत, वरून शेणामातीचं लिंपण. त्या वर्षी मी कॅनव्हासवर जेसोचं, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचं, जाड लिंपण देऊन ओला असतानाच त्यात मोठ्या दातांच्या फणीनं उभ्या रेघा ओढल्या. वाळल्यावर त्यावर कच्च्या अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरीचा, पातळ हात दिला आणि फडक्यानं पुसला, म्हणजे रंग खाचांत बसतो. कूड तयार झाला. जांभळा त्यानंतर, आणि तोही एकूण कॅनव्हासच्या दहाव्या भागापेक्षा कमी. २०२४ मध्ये पुन्हा गेले तेव्हा तीच रीत वापरली, फक्त काठ्या आणखी जवळ आणल्या.

तुमचा जांभळा भडक होतो, त्याचं एक कारण ट्यूब आहे. तयार जांभळे, विशेषतः डायॉक्साझिन या रंगद्रव्याचे, फार तीव्र असतात, आणि त्यात पांढरा घातला की मिठाईच्या दुकानातला रंग होतो. स्वस्त विद्यार्थी-दर्जाच्या काही जांभळ्या छटा उजेडात उडतातही. मी अल्ट्रामरीन निळा आणि क्विनाक्रिडोन गुलाबी यांचं मिश्रण करते. ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. अल्ट्रामरीनचा पी.बी. २९, क्विनाक्रिडोनचा पी.व्ही. १९, दोन्ही टिकाऊ. अलिझरिन क्रिम्सनचा अस्सल पी.आर. ८३ टाळा, तो वर्षांगणिक फिका होतो. आता या मिश्रणात तुमच्या पार्श्वभूमीचा हिरवा थोडा मिसळा. जांभळा मोडतो, राखाडीकडे जातो, आणि तोच झाडाखालच्या उजेडातला जांभळा आहे. पॅलेटवर तो मळकट दिसेल, घाबरू नका. शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. रंग एकमेकांशेजारी आले की एकमेकांना बदलतात, हे त्यानं १८३९ च्या ग्रंथात मांडलं. पिवळट हिरव्याशेजारी ठेवलेला राखाडी जांभळा तुम्हाला ट्यूबमधल्यापेक्षा जास्त जांभळा दिसेल. न मोडलेला, स्वच्छ जांभळा एकाच ठिकाणी ठेवा, जिथे कवडसा पडला आहे तिथे. एकदाच. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, कारण ओला असताना दुधी दिसणारा बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग, वाळून पारदर्शक होतो. म्हणून मिश्रण हवं त्यापेक्षा जरा उजळ ठेवा.

संध्याकाळचंही सांगते, ते फार थोडे लोक वापरतात. उजेड उतरत जातो तसे डोळ्याला तांबडे रंग आधी काळे दिसू लागतात आणि निळे तुलनेनं उजळ राहतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे १८१९ मध्ये फुलांकडे बघतानाच टिपलं असं सांगतात. रानात सहाच्या सुमाराला कळलावी विझते आणि ज्या निळ्या फुलांकडे दुपारी लक्षही गेलं नव्हतं ती वर येतात. तेच रान, तीच फुलं, पण वजन पूर्ण उलटं. एकाच जागेची दुपारची आणि दिवेलागणीची अशी दोन चित्रं करून बघा. आकाराला हात न लावता चित्र किती बदलतं ते कळेल, आणि आकारावरचं तुमचं अवलंबून राहणं आपोआप सुटेल.

इथे शब्दांचा एक गोंधळ दूर करते. मराठीत आपण सगळ्यालाच 'अमूर्त' म्हणतो. पण चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं काम निसर्गातल्या वस्तूपासून निघून अमूर्ताकडे गेलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या कामाला वस्तुनिरपेक्ष म्हटलं. रोलर, सुरी, कागदानं उचललेला रंग, आणि त्या थरांतून उमटणारा उजेड. त्यांच्या चित्रात फूल शोधू नका आणि त्यांच्या रीतीनं फूल रंगवायलाही जाऊ नका. माझे विद्यार्थी रोलर विकत घेतात आणि वर्षभर अडकतात. तुमचा रस्ता मोंद्रियान या डच चित्रकाराच्या सुरुवातीच्या रस्त्याजवळचा आहे. १९०८ च्या आसपासचं लाल झाड, १९११ चं राखाडी झाड आणि १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड ही तीन शेजारी ठेवा. झाड हळूहळू कमानींचं जाळं होतं, पण फांद्यांमधलं अंतर शेवटपर्यंत जिवंत आहे. आणखी जवळचं उदाहरण चित्रकार सय्यद हैदर रझांचं. त्यांचे वडील वनखात्यात होते, बालपण मंडला भागातल्या जंगलात गेलं, आणि पुढे पॅरिसमध्ये राहून त्यांनी ज्या काळ्या, तांबड्या, पेटत्या रंगांची चित्रं केली त्यांच्या मागे त्या जंगलातल्या रात्री होत्या असं ते सांगत. एकही झाड न काढता रान कसं येतं, हे त्यांच्या १९७० च्या दशकातल्या कामात दिसतं.

पावसाळ्यात काम करता, म्हणून थोडं व्यवहाराचं. दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो. तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून तो ताणू नका, थंडीत हवा कोरडी झाली की तो स्वतः ताठ होतो आणि जास्त ताणलेला असेल तर कडेला फाटतो. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून चार बोटं हवा खेळू द्या, नाहीतर श्रावणात मागच्या बाजूनं बुरशी धरते. ॲक्रिलिकचे पातळ हात आंबोलीच्या हवेत वाळायला वेळ घेतात. घाईनं वर दुसरा हात दिलात की खालचा सुटून येतो. मी त्या वेळात बाजूला दुसरा कॅनव्हास ठेवते. वर तैलरंग वापरायचा असेल तर चालेल, पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नको, ते पापुद्र्यासारखं निघतं.

नावाबद्दल. 'कारवी' असं नाव दिलंत की बघणारा कारवी शोधतो, आणि ती हुबेहूब नसल्यामुळे तुम्हाला गुण देतो किंवा कापतो. 'रचना ७' असं दिलंत तर तुम्ही आंबोलीला गेलाच नव्हता असं होतं. मी चित्राला जागा आणि वेळ यांचं नाव देते, आणि फुलाचं नाव कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवते, माझ्यासाठी आणि पुढेमागे ते जपणाऱ्यासाठी. २०१६ च्या त्या पहिल्या कुडाच्या चित्राच्या मागे 'कारवी, भाद्रपद, पाऊस थांबून दहा मिनिटं' एवढंच लिहिलेलं आहे.